पट्टा नंबर तीन

मेघना, तुझा शिंदीचा फडा अजून जिन्याखालीच उभा आहे. परवा आमच्या ह्यांनी अंगण झाडायला तो हातात घेतला, तर मी अशी ओरडले की शेजारणीने खिडकी उघडून पाहिलं. पाहू दे. तुला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि या सोळा दिवसांत मी घरातल्या प्रत्येकावर ओरडून झाले आहे. घरात माणसं दोनच, त्यातलं एक मी. बिचाऱ्या ह्यांचं काय झालं असेल ते तुझ्या लक्षात येईल.

तुझं खरं नाव मेगन आहे हे मी विसरूनच गेले होते. पहिल्याच आठवड्यात बाजारातल्या भाजीवालीने तुझं मेघना करून टाकलं आणि तूही ते नाव जन्मापासूनचं असल्यासारखं वापरू लागलीस. म्हणून तुझ्या भावाचा फोन आला आणि 'मेगन गेली' असं तो इंग्रजीत म्हणाला, तेव्हा मला वाटलं, कुणी दुसरीच बाई गेली. बिचारी, कोण असेल, असंही मनात येऊन गेलं. मग कळलं, आणि मी ओट्याला धरून खाली बसले.

मला लेख लिहिता येत नाही. शाळेत मराठी शिकवते, मुलांच्या निबंधांवर लाल रेघा मारते, तेवढंच. पण तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगितल्याशिवाय मला वर्गात नीट उभं राहता येत नाही, घास गोड लागत नाही. तू समोर होतीस तेव्हा हिंमत झाली नाही, आता लिहून सांगते. जरा दम धर. मी मुद्द्यावर यायला वेळ लावते हे तुला ठाऊकच आहे.

पाच वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या त्या आठवड्यात तू आमच्या सौसरच्या शाळेत आलीस. पाठीवर तुझ्याएवढीच बॅग, नाक उन्हाने सोललेलं. मराठी शिकवणारं कुणी मिळेल का, असं तू हेडमास्तरांना विचारलंस. ते म्हणाले, "मॅडम, यहाँ हिंदी सीखिए, काम आएगी." मीही तेच म्हटलं. मध्य प्रदेशात राहतो आम्ही, पाट्या हिंदीत, ऑफिसं हिंदीत, कशाला मराठीच्या मागे लागतेस? तेव्हा तू तुझ्या गावाचं सांगितलंस. वेल्समधलं मेंढ्यांचं गाव. तिथेही पाट्या दोन भाषांच्या, पण चुलीपाशी एकच भाषा, आणि ती इंग्रजी नाही. "इथले लोक चुलीजवळ जी भाषा बोलतात ती मला पाहिजे," तू म्हणालीस. शाळा सुटल्यावर मी तुला सरळ घरी आणलं आणि वरची खोली दाखवली. माझी लेक नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हापासून ती बंदच होती.

तुझं काम तीन वर्षांचं होतं. कन्हान नदीपासून वरच्या डोंगरांपर्यंत मधे सगळ्या संत्र्याच्या बागा आणि कापसाची वावरं. जंगलातली जनावरं त्यांतून जातात का, कोणती जातात, हे तुला पाहायचं होतं. पण त्याआधी तुला इथे जगायचं होतं, आणि ते जनावरं शोधण्यापेक्षा अवघड निघालं.

स्टँडवरच्या पोह्यांवर शेजारच्या माणसाने तर्री ओतून घेतली म्हणून तूही घेतलीस आणि अर्धा तास नाक पुसत बसलीस. चहात साखर नको म्हणालीस तर चहावाल्याने हळूच मला विचारलं, "मॅडमले शुगर हाय का?" बायका विचारायच्या, नवरा कुठं हाय, लेकरं किती हाय. पहिल्या वर्षी तू लाल व्हायचीस. दुसऱ्या वर्षी सांगायला लागलीस, "लेकरं नाही, बापाच्या मेंढ्या हाय." तिसऱ्या वर्षी तूच उलट विचारायचीस, "तुमचा नवरा काय कामाचा हाय?" मग कुणी विचारेनासं झालं.

पहिला उन्हाळा मात्र तुला जड गेला. मे महिन्यात कूलरही गरम हवा फेकायला लागला आणि एका दुपारी तू ओला टॉवेल डोक्यावर घेऊन जिन्यात बसून रडलीस. मला वाटलं, ही आता जाते. त्या दिवसांतच गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की तू मोटर बंद करू द्यायची नाहीस. मी खालून ओरडायची, "पाणी काय फुकटचं हाय का वं?" तू वरून म्हणायचीस, "दोन मिनिटं, ताई." टाकीचं पाणी पन्हाळीतून पडतं तसा पावसाचा आवाज तुझ्या गावी वर्षभर ऐकू येतो, हे तू मला पुढच्या वर्षी सांगितलंस. सांगितल्यावर मी ओरडणं बंद केलं. आधी सांगायला काय झालं होतं तुला?

पण तुझा स्वभावच तो. तू न सांगता राहायचीस, आणि मी नको ते बोलून मोकळी व्हायची.

भांडणंही आपली कमी नव्हती. तू रोज तुझ्या कामाच्या वहीत आकडे लिहून झाले की खाली एक ओळ मराठीत लिहायचीस आणि मला तपासायला द्यायचीस. 'आज मी लय चालून राहिली,' असं तू लिहिलंस आणि मी लाल पेनाने 'आज मी खूप चालले' केलं. तू चिडलीस. "ताई, तू स्वतः तर दिवसभर करून राहिली, जाऊन राहिली म्हणते. लिहिताना काहून बदलते?" मी म्हटलं, बोलायचं वेगळं आणि लिहायचं वेगळं. "म्हणजे चुलीजवळची भाषा वहीत न्यायची तर तिले नवं लुगडं नेसवा लागते?" मी लाल पेनाला टोपण लावलं. त्या दिवसापासून तू वही दाखवणं बंद केलंस. "माझी वही, माझी मराठी," म्हणालीस. मीही हट्टाने मागितली नाही.

तुझे ते सहा पट्टे. बागेच्या वाटेवर खाटेएवढी जागा फड्याने साफ करायची, वर चाळलेली माती पसरायची, संध्याकाळी झाडून गुळगुळीत करून यायचं आणि सकाळी जाऊन कोणाचे पाय उमटलेत ते वाचायचं. किती साधं. कॅमेरे वगैरे नंतर, आधी माती, असं तू म्हणायचीस. पहिले दोन पट्टे रामाकोन्याच्या बाजूला, तिसरा बोरगावच्या रस्त्याला, नाल्याकाठी, माझ्या भावाच्या बागेत. पहिल्याच दिवशी काय झालं ते आठवून मी परवा एकटीच हसले. आपण सकाळी तिसऱ्या पट्ट्यावर पोचलो तर माझी भावजय कुसुम पदर खोचून उभी. विदेशी पाव्हणी बागेत येणार म्हणून तिने पहाटेच पट्टा स्वच्छ झाडला होता, वर शेणाचा सडा टाकला होता आणि मधोमध रांगोळी काढली होती. कमळाची. माझा जीव अर्धा झाला. तू कमळाचा फोटो काढलास, गुडघ्यावर बसून वही उघडलीस आणि लिहिलंस: पट्टा तीन, प्राणी एक, कुसुम.

त्याच वहीत काही दिवसांनी तू माझं नाव लिहिलंस. मातीत एक ठसा होता, तू विचारलंस, "ताई, हे कोण?" मी म्हटलं, उदमांजर. कशावरून, तू विचारलंस, आणि मी सांगत गेले. लहानपणी, भावाची स्वतःची बाग नव्हती तेव्हा, सुट्टीत मी इथल्याच बागांमध्ये संत्री तोडायला मजुरीने जात होते. पाय उमटलेले रोज पाहत होते, पण कुणी कधी विचारलं नव्हतं की पोरी, तुला काय दिसलं. तू लिहून घेतलंस आणि पुढे कंसात 'सुमन' लिहिलंस. मी इतकी वर्षं शिकवते आहे, माझ्या सह्या हजेरीपटावर शेकड्याने आहेत. पण मला काही माहीत आहे म्हणून माझं नाव कुणी लिहिलं, ते तेव्हा पहिल्यांदा.

आणि एक गोष्ट मी तुला कधी बोलून दाखवली नाही. दुसऱ्या वर्षी तुला गावातल्या मोठ्या मोहल्ल्यात खोली देऊ केली होती. एसी, वेगळा जिना, सगळं. निरोप आणणाऱ्याने तुला विचारलं होतं, "तुम्ही तिकडं कायले राहून राहिल्या? तुमाले माईत हाय ना ते लोक कोण हाय?" तू मला येऊन हे जसंच्या तसं सांगितलंस आणि विचारलंस, "कोण हाय?" मी म्हटलं, "बुद्ध पौर्णिमेला तू माझ्या घरी खीर खाल्ली ना, ते लोक." तू 'बरं' म्हणालीस आणि कूलरमध्ये पाणी भरायला गेलीस. मी म्हटलं होतं, जायचं तर जा, मला काही वाटणार नाही. खोटं होतं ते. तू गेली असतीस तर मी मरेपर्यंत विसरले नसते.

इथूनच सुरू झालं बहुतेक. तू जाशील ही भीती.

तुझ्या यादीतली सगळी जनावरं तीन वर्षांत भरत आली. रानडुक्कर, रोही, कोल्हा, रानमांजर, उदमांजर, एकदा तर बिबट्यासुद्धा. एकच रकाना कोरा होता. तडस. जुने लोक सांगायचे, नाल्यात ढोरं टाकत तिथे तडस यायचं, आता कुठे राहिलं. तुझ्याकडची माणसं म्हणत होती, तडस सापडलं की लिहून काढ आणि परत ये. सापडत नाही तोवर वर्षा-वर्षाने मुदत वाढत होती. तू तडसाच्या पायाचं चित्र काढून माझ्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्याच्या वर चिकटवलंस. पुढचा पाय मोठा, मागचा लहान, नखं बोथट. पोळ्या लाटताना मी रोज ते पाहायची. देवाशपथ सांगते असं आम्ही म्हणत नाही, पण खरं सांगते, मी मनात म्हणायची, नको सापडू रे बाबा.

मागच्या वर्षी याच दिवसांत, बागेत आंबिया बहार फुटला होता. तू रामाकोन्याचे पट्टे पाहून येणार होतीस आणि मी नेहमीप्रमाणे तिसऱ्यावर आधी पोचले. मातीत चार पाय होते. पुढचे मोठे, मागचे लहान. चित्रासारखे स्वच्छ. माझ्या तोंडात तुझी हाक आली होती, मेघना. मी रस्त्याकडे पाहिलं. तू अजून दिसत नव्हतीस. कुसुमचा फडा बांधावर पडला होता. मी तो उचलला आणि पट्टा झाडून टाकला.

हे सांगायचं होतं तुला. लिहिलं एकदाचं.

तू आलीस तेव्हा मी म्हटलं, "रिकामा हाय आज. वारा आला असन." तू मातीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि रकान्यात एक आडवी रेघ मारलीस. मग आपण कुसुमच्या घरी चहा प्यायलो. तू तिला जवसाच्या चटणीची कृती विचारत होतीस. मी माझ्या कपात दोनदा साखर घातली, कुणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटलं. त्यानंतर त्या महिन्यात आणखी तीनदा ते जनावर आलं आणि तीनदा मी झाडलं. मुलांनी कॉपी केली तर मी त्यांना वर्गाबाहेर काढते. मला कुणी काढायचं?

तुझी मुदत एका वर्षाने वाढली. मी त्या दिवशी पाटवडीचा रस्सा केला होता, आठवतं? तू म्हणालीस, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही, असंच.

मग पावसाळ्यात तुझं पोट दुखायला लागलं. मी ओवा दिला, हिंग दिला, आमच्या ह्यांनी सावजी रस्सा बंद करायला सांगितला. तुझे कपडे ढिले झाले तर मी म्हटलं, बरं झालं, बारीक झालीस. किती मूर्ख होते मी. दवाखान्यात चल म्हटलं की तू म्हणायचीस, "संत्र्याचा मोसम होऊ दे." डिसेंबरात तुला उभं राहवेना तेव्हा तुझ्या भावाने तिकीट काढलं. मी नागपूरच्या विमानतळापर्यंत गाडीत तुझ्याबरोबर आले. घरातून निघताना ठरवलं होतं, आज सांगायचंच. सावनेर गेलं, कोराडी गेलं, आणि मी काय बोलत होते? लोणच्याच्या बरणीचं झाकण नीट लाव, तेल सांडेल, हे. दारावर मी म्हटलं, "लवकर येजो." तू म्हणालीस, "हाव ना वं ताई. बहार फुटायच्या आत येते." तुझी वऱ्हाडी तोपर्यंत माझ्यापेक्षा चांगली झाली होती.

तुझा भाऊ चांगला माणूस आहे. फोनवर तो माझ्यासाठी हळू, सोपं इंग्रजी बोलत होता. शेवटी म्हणाला, सहा-आठ महिने आधी कळलं असतं तर डॉक्टर काही करू शकले असते. तो बोलायचं म्हणून बोलला, त्याला काय माहीत. मी मात्र बोटांवर महिने मोजले. मी त्या दिवशी झाडलं नसतं तर मार्चमध्ये तू घरी असतीस. तिथे तुझ्या आईने तुला ओवा दिला नसता, डॉक्टरकडे नेलं असतं. तेव्हापासून मी हेच मोजते आहे. फळ्यावर लिहिता लिहिता मोजते.

आम्ही घरात तुझं पुण्यानुमोदन केलं. तू फडा खांद्यावर घेऊन उभी आहेस तोच फोटो ठेवला, मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील म्हटलं. शेजारण विचारत होती, तिच्या धर्मात चालतं का हे? मी म्हटलं, तिनं माझ्या घरात पाच वर्षं खाल्लं, तिले चालते. कुसुमने फोटोसमोर कमळाची रांगोळी काढली. ती काढत असताना मी आत निघून गेले.

मग भावाने निरोप पाठवला की तुझ्या वह्या इथेच आहेत, त्या पाठवता का, तुझ्या सोबतच्या लोकांना काम पुरं करायचं आहे. मी तुझी खोली उघडली. अकरा वह्या, पाठीवर तारखा. मला वाचायच्या नव्हत्या. आकडे कळत नाहीत, आणि मराठी ओळी तू मला दाखवत नव्हतीस म्हणजे त्या माझ्या नव्हेत. पण मागच्या फेब्रुवारीची वही हातात आली आणि माझा हात थांबला नाही. पट्टा तीनच्या रकान्यात ती रेघ होती. खाली तुझी ओळ होती.

'ताईनं आज तीन नंबर झाडून टाकला. म्हणते वारा आला. वाऱ्याच्या हाती फडा असते का?'

मी पलंगावर बसले. पुढचं पान.

'नाल्यात खाली उतरून पाहिलं. वाळूत तडसाचे पाय. पुढचे मोठे, मागचे लहान. हाय! खरंच हाय!'

आणि त्याच्या पुढचं.

'ताईले सांगतलं नाही. सांगतलं तर लिहा लागन. लिहिलं तर जा लागन. तिच्या मनात बी हेच असन. दोघी चोर.'

मेघना, तू 'बहुतेक' हा शब्द वहीत लिहू देत नव्हतीस. अर्धा ठसा असला तर तो धरत नव्हतीस. मी एकदा कोल्हा असेल म्हटलं तर तू म्हणालीस, 'असेल' नावाचं जनावर नसते, ताई. त्या बाईने चार वर्षं ज्याच्यासाठी उन्हात नाक सोलून घेतलं ते जनावर डोळ्यांनी पाहिल्यासारखं पाहिलं आणि रकान्यात रेघ मारली. का, तर माझ्या घरची वरची खोली सुटू नये म्हणून. माझी पोटची पोर दिवाळीला चौथ्या दिवशी परत जायची बॅग भरते. मी तिला दोष देत नाही, तिची नोकरी आहे. पण माझ्यासाठी कुणी थांबतं, हे मला माहीतच नव्हतं.

त्या सुखात मी दोन मिनिटं रडले. मग ऑगस्टची पानं आली.

'पोट लय दुखून राहिलं. घरी गेली तर डॉक्टर लोक परत येऊ देणार नाही. थांबते. पुढच्या बहाराले ताईले सांगू, तडस दोघी मिळून लिहू. मग जाऊ.'

इतका राग आला मला तुझा! वही भिंतीवर फेकली. मूर्ख बाई! तू शिकलेली, साऱ्या जगातून फिरलेली, तुला कळत नव्हतं? एक शब्द बोलली असतीस, 'ताई, मला माहीत आहे.' एवढंच. मी हसले असते, रडले असते, तुझ्या पाया पडले असते आणि दुसऱ्या दिवशी तुला स्वतः विमानात बसवून दिलं असतं. मीही एक शब्द बोलले असते तर तेच झालं असतं. दोघींपैकी एकीने तरी. पाच वर्षं एका ताटात जेवलो आणि हे एक बोलता आलं नाही. आमचे हे वर आले, वही उचलून त्यांनी तिची पानं सरळ केली आणि ती पलंगावर ठेवून खाली गेले.

माझं मोजणं थांबलेलं नाही. तू स्वतः थांबलीस हे वाचून ओझं कमी होईल असं वाटलं होतं. झालं थोडं. पण तू कोणासाठी थांबलीस हेही त्याच पानावर लिहिलं आहे, त्याचं काय करू?

वह्या पाठवायच्या आधी मी एक काम केलं. त्या चार रेघा माझ्या लाल पेनाने खोडल्या आणि प्रत्येक रकान्यात लिहिलं, 'तडस. एक. पुसलं मी. सुमन.' ते चार दिवस मला पाठ आहेत. तुझ्या मराठी ओळींना मात्र हात लावला नाही. तशाच जाऊ दे. तुझ्याकडे त्या कुणाला वाचता येणार नाहीत, पण माझी वही, माझी मराठी म्हणालीस ना.

आणि गेले चार दिवस मी रोज तिसऱ्या पट्ट्यावर जाते आहे. संध्याकाळी माती चाळून झाडते, सकाळी शाळेच्या आधी पाहायला जाते आणि एका नव्या वहीत लिहिते. पहिल्या दिवशी डुकरं. दुसऱ्या दिवशी रानमांजर. काल काहीच नाही, मी खरंच रेघ मारली. तू म्हणाली होतीस तसा बहार फुटला आहे, सगळ्या बागेत वास आहे. तू म्हणाली होतीस बहाराच्या आत येते.

आज सकाळी पट्ट्यात चार पाय होते. पुढचे मोठे, मागचे लहान. बांधावर कुसुमचा फडा पडलेला होता, तिथेच, तसाच. मी फड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकले, टेप लावला, वहीत लिहिलं. आणि मग मागच्या वर्षी तोंडात आलेली हाक मला आवरता आली नाही. मी रस्त्याकडे तोंड करून जीव खाऊन ओरडले, "मेघना! ये वं, धावत ये! आलं वं तुझं तडस!"

दोनदा ओरडले. कुसुम घरातून पळत आली. तिने ठसे पाहिले, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मागच्या वर्षी मी तो कशाला उचलायची हे ठाऊक असल्यासारखा बांधावरचा फडा उचलून तिने पाठीमागे लपवला आणि माझ्याशेजारी, पट्ट्याच्या या बाजूला, जिथे तू उभी राहायचीस तेवढी जागा सोडून उभी राहिली.